सरबताच्या गाड्यावर धंद्याचा धडा

दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा मोबाइलमध्ये डोके खुपसून असतो, ही तक्रार आम्हाला व्यापारी बांधवांकडून नेहमी ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण सगळेच खेळ एका तराजूत घालणे आम्हाला पटत नाही. पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे, त्यांना तर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी केली आहे. आज आम्ही एका जुन्या, साध्या खेळाचा हिशेब मांडणार आहोत.

‘लेमोनेड स्टँड’ हा खेळ १९७३ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शाळांसाठी तयार झाला आणि १९७९ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या संगणकावर आला. त्यात चित्रांची करामत जवळजवळ नाहीच. खेळणाऱ्याला दोन डॉलर, म्हणजे २०० सेंट भांडवल मिळते. रोज सकाळी हवामान कळते आणि तीन गोष्टी ठरवायच्या असतात: लिंबू सरबताचे ग्लास किती बनवायचे, जाहिरातीच्या पाट्या किती लावायच्या आणि भाव काय ठेवायचा. उरलेला माल फुकट जातो. वादळी पाऊस आला की त्या दिवशीचे सगळेच बुडाले! रमजानमध्ये सरबताचा गाडा लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता भाव पाहा. साध्या उन्हाच्या दिवशी पाटी न लावता १० सेंट भाव ठेवला तर ३० गिऱ्हाईके येतात, गल्ल्यात ३०० सेंट. भाव दुप्पट केला की गिऱ्हाईके सातावर येतात आणि गल्ला १४० वर. भाव निम्मा केला तर गिऱ्हाईके ४२ होतात, पण गल्ला २१०. म्हणजे गर्दी जास्त आणि कमाई कमी. बाजूच्या दुकानदाराशी ईर्षा करून भाव पाडणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. पाट्यांचेही तसेच. एक पाटी १५ सेंटची. पहिलीने सुमारे ११ गिऱ्हाईके वाढतात, दुसरीने ७, तिसरीने ४.

आम्हाला मात्र सर्वात मोलाचा वाटतो तो तिसरा दिवस. पहिले दोन दिवस ग्लास दोन सेंटला पडतो. तिसऱ्या दिवशी तो चार सेंटचा होतो. कारण? आईने घरची साखर फुकट देणे बंद केले! आमच्या किती कारखान्यांत भावाची मजुरी, बायकोचे काम, वडिलोपार्जित गाळ्याचे भाडे हिशेबात धरलेच जात नाही? मग नफा झाला असे वाटते, आणि भाऊ वेगळा झाला की धंदा तोट्यात निघतो. ही घरची साखर मुलाला लहानपणीच दिसली तर चांगलेच.

पोटापाण्याचा मार्गही यातून निघतो. विल राइट हा अमेरिकन तरुण लढाईचा खेळ बनवीत होता. त्याला बॉम्ब टाकण्यापेक्षा त्यातली बेटे, रस्ते, इमारती मांडण्यात जास्त गोडी वाटली. त्यातून १९८९ साली ‘सिमसिटी’ आला, आणि तो खेळूनच नगररचनेकडे वळलो असे सांगणारे अधिकारी आज अमेरिकेत आहेत. खेळ बनवायला नुसता संगणकवाला पुरत नाही. नक्षी काढणारा, लाकडाचा जोड जाणणारा, हिशेब बसवणारा, आवाज देणारा, सगळे लागतात. कारागिराच्या घरातला मुलगा यात उपरा नाही.

घरी सुरुवात करायला मोठा संगणक नको. मुलाला वहीवर आपल्याच दुकानाचा खेळ मांडायला सांगा. पुढे ‘स्क्रॅच’ या फुकट मिळणाऱ्या साधनावर तो संगणकात उतरवता येतो. अमेरिकन खेळात एक गोष्ट नाही: उधारी. ती त्याने स्वतः घालावी. दहा गिऱ्हाइकांपैकी तिघे उधारीवाले, त्यातला एक परत न येणारा. मग भाव किती ठेवायचा, हे अब्बांनी आधी न सांगता त्यालाच काढू द्यावे.