घटक ७ : देखभाल-सूचनांचे लेखन (उदाहरण : जेट बोटीचे सफाई-बूच)

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• यंत्राच्या एखाद्या भागाचे कार्य समजून घेऊन त्याला नेमके मराठी नाव देणे.
• देखभालीच्या कृतींचा क्रम मराठी वाक्यरचनेतून निःसंदिग्धपणे मांडणे.
• बिघाडाचे लक्षण, कारण आणि उपाय वेगवेगळे करून लिहिणे.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण माहितीपत्रकाच्या लेखनाचा विचार केला. माहितीपत्रकाचा वाचक निवांत बसून वाचतो. देखभाल-सूचनेचा वाचक मात्र काम करता करता वाचत असतो. त्याचे हात ओले किंवा तेलकट असतात, एक डोळा यंत्रावर असतो आणि पुढचे वाक्य वाचण्याआधी तो मागचे वाक्य कृतीत आणतो. माहितीपत्रकातील संदिग्ध वाक्याने वाचकाचा गोंधळ होतो. देखभाल-सूचनेतील संदिग्ध वाक्याने त्याच्या हाताला इजा होऊ शकते. म्हणून या लेखनप्रकारात भाषेची अचूकता हा सुरक्षिततेचाच भाग ठरतो. हे आपण जेट बोटीच्या एका लहानशा भागाच्या आधारे पाहू. हा भाग म्हणजे सफाईच्या तोंडावर बसणारे बूच.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ पुण्यातील जुने उदाहरण : कात्रजचा नळ

बंद मार्गातून पाणी वाहू लागले की त्याबरोबर गाळ, पाला आणि हवाही येते. मार्ग बंद असल्यामुळे अडलेली वस्तू दिसत नाही आणि हात तिथवर पोहोचत नाही. म्हणून मार्ग बांधतानाच त्याला मधूनमधून तोंड ठेवावे लागते. पुणेकरांना हे तत्त्व नवे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४० ते १७६१) कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ बांधण्यात आला. कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ जमिनीच्या उतारावर त्यातून पाणी वाहत असे आणि वाटेतील हौदांतून शहराला मिळत असे. या नळावर ठिकठिकाणी उभी बांधकामे होती. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, पाण्यातील गाळ तेथे खाली बसे आणि सफाईसाठी नळापर्यंत पोहोचण्याची वाटही तेथूनच असे.

येथे नावाकडे लक्ष द्या. ‘उच्छ्वास’ हा शब्द हवेचे कार्य सुंदर रीतीने सांगतो. गाळाचे व सफाईचे कार्य मात्र तो सांगत नाही. ज्याला रचना ठाऊक आहे त्याचे यामुळे काही अडत नाही. परंतु ज्याच्यापर्यंत केवळ नाव पोहोचते, त्याला हे गाळ काढण्याचेही ठिकाण आहे, हे नावावरून कळणार नाही. देखभाल-सूचनेचा वाचक बहुधा असाच, रचना न पाहिलेला असतो.

७.२.२ जेट बोटीची रचना

आता या तत्त्वाचे आधुनिक रूप पाहू. सर्वसाधारण मोटरबोटीला मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो. उथळ नदीत तो दगडांवर आपटतो. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात पाण्याच्या झोतावर चालणारी बोट विकसित केली. १९७७ साली एडमंड हिलरी यांनी गंगेच्या मुखाकडून हिमालयाच्या दिशेने केलेल्या प्रवासात अशाच जेट बोटी वापरल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या वॉटर स्कूटरही याच तत्त्वावर चालतात.

या बोटीच्या तळाला पाणी आत घेणारे तोंड असते व त्यावर जाळी असते. आत आलेल्या पाण्याला इंपेलर, म्हणजे पंपातील फिरते पाते, जोराने मागे ढकलते. मागील निमुळत्या तोंडातून पाण्याचा झोत बाहेर पडतो व बोट पुढे जाते. जाळी मोठे दगड अडवते. परंतु शेवाळ, दोरी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा जलपर्णीची तंतुमय मुळे तिच्यावर साचतात अथवा तिच्यातून आत शिरून पात्याला गुंडाळली जातात. मुळा, मुठा व पवना या नद्यांवर पसरणारी जलपर्णी ज्यांनी पुलावरून पाहिली आहे, त्यांना या अडचणीची सहज कल्पना येईल.

७.२.३ सफाई-बूच

असा कचरा काढण्यासाठी प्रत्येक वेळी बोट पाण्याबाहेर ओढावी लागू नये म्हणून अनेक जेट बोटींत मागच्या बाजूस, पंपाच्या वर, एक उभे तोंड ठेवलेले असते. बोट उभी असताना त्याची वरची कड पाण्याच्या पातळीच्या वर राहते. त्यामुळे ते उघडले तरी बोटीत पाणी शिरत नाही. या तोंडात लांबट बूच बसते. त्याभोवती रबरी कडी असते आणि वर खिट्टी असते. बूच नीट बसले म्हणजे पाण्याचा मार्ग आतून अखंड राहतो. ते सैल राहिल्यास पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो; वेगात असताना बूच उसळून निघण्याचा धोकाही असतो.

७.३ नेमके नाव : तीन ‘प्लग’

इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करणारा नवशिका लेखक ‘प्लग काढा’ असे लिहून मोकळा होतो. परंतु बोटीवर ‘प्लग’ नावाच्या निदान तीन वस्तू असतात. पहिला स्पार्क प्लग. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा. दुसरा बोटीच्या तळाशी साचलेले पाणी सोडण्यासाठी असलेला. तो बोट किनाऱ्यावर घेतल्यावरच काढायचा असतो. तिसरा आपल्या विषयातील, सफाईच्या तोंडाचा. ‘मागील प्लग काढा’ असे वाचून एखाद्याने पाण्यात उभ्या असलेल्या बोटीचा तळाचा प्लग काढला, तर बोटीत पाणी भरू लागेल. ही चूक वाचकाची नसून लेखकाची आहे.

‘प्लग’ऐवजी केवळ ‘बूच’ लिहिल्याने ही अडचण सुटत नाही. संदिग्धता मराठीत येते, एवढेच. म्हणून नावात कार्य आले पाहिजे : तळाचे ते ‘निचरा-बूच’, पंपावरचे ते ‘सफाई-बूच’. ‘स्पार्क प्लग’ हा शब्द गॅरेजमध्ये रूढ व निःसंदिग्ध आहे. त्याला नवा प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही. एकदा ठरवलेले नाव शेवटपर्यंत बदलू नये. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण पर्यायी शब्द योजतो. सूचनापत्रात ‘बूच’, ‘झाकण’ आणि ‘टोपण’ असे आलटून पालटून लिहिल्यास वाचक तीन वस्तू शोधू लागतो.

७.४ क्रम सांगणारी वाक्यरचना

पुढील तीन वाक्ये वाचा.

(अ) सफाई-बूच काढताना इंजिन बंद असावे.
(आ) सफाई-बूच काढण्यात यावे. तत्पूर्वी इंजिन बंद केल्याची खात्री करण्यात यावी.
(इ) इंजिन बंद करून किल्ली काढा. पाते पूर्ण थांबू द्या. मग सफाई-बूच काढा.

वाक्य (अ) मधील ‘-ताना’ हे रूप दोन क्रिया एकाच वेळी घडतात, एवढेच सांगते. आधी काय व नंतर काय, हे सांगत नाही. इंजिन बंद केल्याबरोबर पाते थांबले, असे वाचक गृहीत धरतो. (आ) मध्ये क्रम सांगितला आहे, परंतु उलट. वाचता वाचता काम करणाऱ्याने पहिल्या वाक्याबरोबर बूच काढलेले असते. शिवाय ‘करण्यात यावी’ या कर्मणी धाटणीमुळे हे काम नेमके कोणी करायचे, तेही कळत नाही. (इ) मधील ‘-ऊन’ हे पूर्वकालवाचक रूप आणि ‘मग’ हे अव्यय क्रम स्पष्ट करतात, आणि आज्ञार्थ थेट वाचकाला उद्देशून आहे.

मराठीचा आणखी एक विशेष येथे महत्त्वाचा आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि आज्ञार्थातील निषेध त्याच्याही नंतर येतो. ‘पाते फिरत असताना तोंडात हात घालू नका’ या वाक्यातील ‘नका’ हा शब्द अखेरीस येतो. इंजिनाच्या आवाजात कोणी हे वाक्य ओरडून सांगितले आणि शेवटचा शब्द विरून गेला, तर उरते ते नेमके उलटे. म्हणून शक्य तेथे निषेधाऐवजी विधायक आज्ञा द्यावी : ‘आधी पाते थांबू द्या, मगच हात घाला.’ निषेध अपरिहार्य असेल तेथे वाक्याच्या आरंभी ‘सावधान’ किंवा ‘धोका’ असा शब्द ठेवावा.

७.५ नमुना सूचनापत्र

सफाई-बूच : उघडणे, साफ करणे, बंद करणे

१. बोट धक्क्याला बांधा किंवा नांगर टाका.
२. इंजिन बंद करून किल्ली काढा व स्वतःच्या खिशात ठेवा. सुरक्षा-दोरी स्विचातून काढा.
३. पाते पूर्ण थांबू द्या.
४. अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवा. बाह्या वर करा.
५. बुचाभोवतीची वाळू गोड्या पाण्याने धुवा.
६. खिट्टी सोडवून सफाई-बूच सरळ वर उचला.
७. कचरा हाताने किंवा आकड्याने वर ओढा. खाली ढकललेला कचरा पात्यात घट्ट अडकतो.
८. काढलेला कचरा बोटीतच डब्यात ठेवा. पाण्यात टाकलेला कचरा पुन्हा आत ओढला जातो.
९. रबरी कडी व तिची खाच पुसा. कडीला चीर असल्यास ती बदला. निर्मात्याने सांगितलेलेच वंगण लावा. काही खनिज तेलांनी रबर फुगते.
१०. सफाई-बूच पूर्ण खाली बसवून खिट्टी अडकवा. वर ओढून पाहा. ते हलता कामा नये.
११. इंजिन सुरू करून बोट सावकाश चालवा. बुचाभोवती पाणी येत असल्यास इंजिन बंद करून पुन्हा पहिल्या सूचनेपासून आरंभ करा.

सातव्या, आठव्या व नवव्या सूचनेत कारण दिले आहे, हे लक्षात घ्या. जेथे वाचकाला नियम मोडण्याचा मोह होईल, तेथे एका छोट्या वाक्यात कारण द्यावे. जेथे नियम स्वयंस्पष्ट आहे, तेथे कारण देऊन मजकूर वाढवू नये.

७.६ बिघाडांची मांडणी

बिघाडाविषयी लिहिताना नेहमी लक्षणापासून आरंभ करावा. कारण वाचकाला प्रथम लक्षणच दिसते. संभाव्य कारणे सोप्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जावीत.

लक्षण : इंजिनाचा वेग वाढतो, पण बोटीचा वेग वाढत नाही. कारणे : सफाई-बूच नीट बसलेले नाही, जाळीवर किंवा पात्यावर कचरा आहे, पाते झिजले आहे. उपाय : याच क्रमाने तपासा. पहिल्या दोन गोष्टी ठीक असल्यास बोट कारागिराकडे न्या.

लक्षण : बोट थरथरते. कारणे : पात्यात दोरी किंवा खडा अडकला आहे, पात्याची कड दुमडली आहे. उपाय : बोट तशीच दामटू नका. ताबडतोब इंजिन बंद करून नमुना सूचनापत्राप्रमाणे सफाई करा.

लक्षण : सफाई-बूच निघत नाही. कारणे : वाळू किंवा मीठ साचले आहे, रबरी कडी कोरडी पडली आहे. उपाय : गोड्या पाण्याने धुऊन बूच हळूहळू हलवा. पहारीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्यास तोंडाची कड खराब होते आणि नवे बूचही नीट बसत नाही.

सर्व बोटींची रचना एकसारखी नसते. काही बोटींत बूच सैल असल्यास इंजिनाचा वेग आपोआप मर्यादित होतो. काहींत अशी सोय नसते. म्हणून सूचनापत्र कोणत्या बोटीसाठी आहे, हे शीर्षकाखाली लिहिणे आवश्यक आहे.

७.७ सारांश

पाण्याच्या बंद मार्गाला सफाईचे तोंड लागते, हे कात्रजच्या नळापासून जेट बोटीपर्यंत दिसून येते. त्या तोंडाचा उपयोग सुरक्षितपणे व्हावा, यासाठी सूचना-लेखकाने तीन गोष्टी पाळाव्यात : नावातून कार्य सांगावे, वाक्यातून क्रम सांगावा आणि बिघाड लक्षणापासून मांडावा. मराठीत निषेध वाक्याच्या शेवटी येतो, याचे भान ठेवून विधायक आज्ञांना प्राधान्य द्यावे.

७.८ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘गॅसची शेगडी पुसताना सिलिंडरचा कॉक बंद असावा’ हे वाक्य क्रम स्पष्ट होईल असे पुन्हा लिहा.
२. ‘निचरा-बूच’ व ‘सफाई-बूच’ ही दोन वेगळी नावे का आवश्यक आहेत?

उत्तरे : १. सिलिंडरचा कॉक बंद करा. शेगडी गार होऊ द्या. मग ती पुसा. २. दोन्ही बुचे बोटीच्या मागील भागात असतात. पाण्यात असताना निचरा-बूच काढल्यास बोटीत पाणी शिरते. सफाई-बूच मात्र बोट उभी व इंजिन बंद असताना पाण्यातही काढता येते.

उपक्रम : तुमच्या घरातील अथवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या यंत्राची (उदा. पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, शिलाई यंत्र) सफाई-सूचना दहा वाक्यांत लिहा. ते यंत्र कधीही न हाताळलेल्या व्यक्तीला ती वाचायला द्या आणि ती व्यक्ती कोठे थांबते, याची नोंद करा. जेथे ती थांबली, ते वाक्य पुन्हा लिहा.