कवठ्याला जाताना पिशवीत कोणती पुस्तके घालाल?

मे महिन्यात पुण्या-मुंबईहून कवठे येमाईला येणाऱ्या माणसाच्या सामानात दोन-तीन चार्जर असतात, पुस्तक बहुधा नसते. असलेच तर कुणीतरी भेट दिलेले, श्रीमंत कसे व्हावे किंवा वेळेचे नियोजन कसे करावे छापाचे, आणि ते जसे आले तसेच परत जाते. यात वाचणाऱ्याचा आळस थोडा आणि निवडीची चूक फार. वर्षभर जे वाचायला जमले नाही ते सुट्टीत वाचून टाकू, या हिशेबाने पुस्तक घेतले की सुट्टी वाया जाते आणि पुस्तकही. सुट्टीसाठी पुस्तक घ्यायचे ते आपल्याला खरोखर मजा येईल असे, आणि एकाच प्रकारची चार घेण्याऐवजी चार प्रकारांतले एकेक.

निवडायला बसण्याआधी गावातला दिवस कसा जातो ते डोळ्यांपुढे आणा. सकाळ कामात आणि भेटीगाठीत जाते. बारा ते चार बाहेर पडवत नाही. मधूनमधून लग्ने, जागरण-गोंधळ, कुणाची तरी यात्रा. आणि संध्याकाळ पूर्वीसारखी राहिलेली नाही. शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या उसात बिबट्याने कायमचे घर केल्यापासून वस्तीवरची माणसे दिवेलागणीलाच पोरांना आत घेतात. म्हणजे वाचायला तीन तऱ्हेचा वेळ मिळतो: लांबलचक दुपार, घरातल्या सगळ्यांनी एकत्र काढायची संध्याकाळ, आणि लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर मिळणारे तुकडे. या तिन्ही वेळांना एकच पुस्तक चालत नाही. मांडवात मांडीवर ‘मृत्युंजय’ घेऊन बसणाऱ्याकडे नवरदेवापेक्षा जास्त लोक बघतात.

दुपारसाठी जाड कादंबरी घ्या, ऐतिहासिक असेल तर उत्तम. इथे माझी एक आग्रहाची सूचना आहे. जिची जागा आपल्याला जाऊन बघता येईल अशी कादंबरी निवडा. आपला शिरूर तालुका या बाबतीत श्रीमंत आहे. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ बाजीराव-मस्तानीची. ‘बाजीराव मस्तानी’ हा 2015 चा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. चित्रपट बघितलेल्या कितीतरी जणांना मस्तानीची कबर पाबळला आहे हे ठाऊक नसते, आणि पाबळ तर आपल्याच तालुक्यात. आधी कादंबरी निम्मी वाचा, मग एका सकाळी दुचाकी काढून पाबळला जाऊन या आणि उरलेली निम्मी परतल्यावर वाचा. बाजीराव 28 एप्रिल 1740 ला रावेरखेडीला वारले आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तो शेवटचा भाग कबर पाहून आल्यावर फार वेगळा वाचला जातो. कादंबरीकाराने कुठे मोकळीक घेतली असेल, हा प्रश्नही तिथेच पडतो. तो पडू द्यावा. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे पोरांना समजावून सांगण्यापेक्षा असे दाखवलेले बरे.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’चेही असेच. 2025 च्या चित्रपटानंतर तिला पुन्हा मागणी आली. संभाजी महाराजांची समाधी वढू बुद्रुकला आहे, तेही शिरूर तालुक्यातच. मात्र ‘छावा’ आकाराने मोठी आहे आणि भाषाही भरजरी. रोज दुपारी दोन तास देणार असाल तरच घ्या, नाहीतर रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या. ती आटोपशीर आहे, आणि माधवराव पेशव्यांनी जिथे देह ठेवला ते थेऊर पुण्याला जाता-येता लागण्याइतके जवळ आहे.

इतिहास नको असणाऱ्यांनी दुपारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी. 1955 ची कादंबरी, अंगाने बारीक. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. आपल्याकडे चैत्र-वैशाखात मोकळ्या रानात मेंढरे बसवलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले काहीही समजावून द्यावे लागत नाही. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला परत वळवायला मी ज्याला त्याला हेच पुस्तक सुचवतो.

आता संध्याकाळ. या वेळचे पुस्तक मोठ्याने वाचायचे असते, त्यामुळे निवडीची कसोटीच बदलते. आजीला कमी ऐकू येते, लहानग्याला दहा मिनिटांपलीकडे बसवत नाही, कुणीतरी मध्येच भाकरी थापायला उठते. अशा बैठकीला कथा हवी, एका दमात संपणारी. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी यासाठी जणू बेतलेली आहे. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी कोणत्याही गावच्या पारावर सापडतात, आणि दोन संध्याकाळींत पोरे गावातल्या खऱ्या माणसांना ही नावे ठेवू लागतात. तेवढे सांभाळा. वाचताना नाटकी आवाज काढू नका. मिरासदारांचा विनोद सरळ चेहऱ्याने सांगितला की जास्त लागतो. शंकर पाटलांच्या कथाही अशाच मोठ्याने वाचायच्या आहेत. त्यांची बोली कोल्हापूरकडची, त्यामुळे पहिली दोन पाने जीभ अडखळते, पण नंतर तीच गोडी लावते. पु. लं.चे ‘व्यक्ती आणि वल्ली’ सगळ्यांना माहीत आहे म्हणून वगळू नका. घरातल्या दहावीच्या मुलाने त्यातला एखादाच धडा वाचलेला असतो.

घरात वयस्क बायका असतील तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एकदा लावून बघा. रोज एक प्रकरण. शाळा न शिकलेल्या आज्यासुद्धा मान हलवून दाद देतात, कारण ही भाषा कागदावरची नाहीच, ओसरीवर बसून सांगितल्यासारखी आहे.

भुताखेताचे पुस्तक घ्यावे का? घ्यावे, पण माणूस बघून. नारायण धारपांची ‘लुचाई’ किंवा रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ हा कथासंग्रह कॉलेजातल्या पोरांना रात्री धरून ठेवतो. मतकरींची भीती घरातल्या माणसांतून येते, धारपांची बाहेरच्या अंधारातून. आपल्या भागात बाहेरच्या अंधाराला सध्या वेगळाच अर्थ आहे, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेलेली आहेत, म्हणून लहान मुले असलेल्या घरात धारप जरा लांबच ठेवलेले बरे.

बिबट्याविषयी मुलांना वाचायला द्यावे ते घाबरवण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी. जिम कॉर्बेटची पुस्तके मराठीत आली आहेत. रुद्रप्रयागच्या ज्या बिबट्याची गोष्ट त्यांनी लिहिली तो 1926 मध्ये मारला गेला, तोवर त्याच्या नावावर सव्वाशे बळी होते. हे पुस्तक मोठ्या मुलांनाच द्या. त्याच्या जोडीला मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ ठेवा. वनखात्यात उभी हयात काढलेल्या माणसाचे लेखन आहे, त्यात शिकारीचा थरार नाही, जनावर काय करते आणि का करते याची समज आहे. माडगूळकरांची ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवरची आहे, आणि गावातले राजकारण जवळून पाहिलेल्याला ती दोनदा वाचावीशी वाटते.

मुलांसाठी निवडताना मोठ्यांनी आपल्या लहानपणाचा हट्ट धरू नये. ‘श्यामची आई’ थोर पुस्तक आहे, पण सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ते हातात पडले की मुलाला वाटते, ही पण शाळाच. त्याआधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येऊ द्या. हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा. पुण्याच्या शाळेत जाऊन तो जे उपद्व्याप करतो ते वाचताना गावच्या मुलाला आपलाच कुणी शहरात गेल्यासारखे वाटते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच्या पाठोपाठ. थोड्या मोठ्या मुलांना राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ द्या. परदेशातली गोष्ट असली तरी पेच शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. मुलाने जीव लावून वाढवलेले हरणाचे पिल्लू उभे पीक खाऊ लागते, मग करायचे काय? शेवटाला मुले रडतात. रडू द्या. शांता शेळक्यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ मुलींसाठी म्हणून सुचवतात, मुलांनाही ती आवडते. शांताबाई जन्माने इंदापूरच्या.

विज्ञानकथेसाठी जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह. त्यालाही आपल्याकडे जागा आहे. खोडदला, नारायणगावजवळ, रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. त्या पसरलेल्या आहेत आसपासच्या शिवारात, काही तर रस्त्यावरूनच दिसतात. सहज आत सोडत नसले तरी बाहेरून बघायला कोण अडवतो? आत जायचे असेल तर फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरते तेव्हा जावे.

तुकड्या-तुकड्याच्या वेळेसाठी प्रवासवर्णन बरे, कारण कुठेही सोडता येते. पु. लं.चे ‘अपूर्वाई’ आहेच, पण मी विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ सुचवीन. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघाला आणि नेमका 1857 च्या धामधुमीत सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. पुस्तक 1907 मध्ये छापून आले. किंमत कमी, पाने थोडी आणि कादंबरीला लाजवील असे प्रसंग.

आणि एक जागा आपल्या गावासाठी राखा. कवठे हे तमाशाचे गाव. बशीर मोमीन कवठेकरांनी इथे बसून फडांसाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे ‘कलावंतांच्या आठवणी’ मिळाले तर सोडू नका. गावातल्याच कुणाच्या कपाटात निघण्याची शक्यता जास्त. जोडीला योगीराज बागुलांचे विठाबाईंवरचे पुस्तक, किंवा कादंबरीच हवी असेल तर आनंद यादवांची ‘नटरंग’. यात्रेत रात्री तमाशा बघायचा आणि दुसऱ्या दुपारी हे वाचायचे, असा योग शहरातल्या वाचकाला मिळत नाही.

नावे पुष्कळ झाली. तुम्ही यातली चार घ्या, पाचवे नको. एक जाड, एक मोठ्याने वाचायचे, एक पोरांचे, एक कुठेही उघडता येईल असे. घेण्यापूर्वी पाठीमागचा मजकूर वाचून भुलू नका. तो विकण्यासाठीच लिहिलेला असतो. पुस्तक मधोमध उघडा, उभ्या उभ्या दोन पाने वाचा. तिसरे उलटावेसे वाटले तर ते पुस्तक तुमचे. मुलांच्या पुस्तकाची दोन पाने मुलालाच वाचायला लावा, अक्षर बारीक वाटते का ते त्यालाच विचारा.

सगळे विकत घ्यायची गरज नाही. राज्यातली अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. खेड्यातले क किंवा ड वर्गाचे असले तरी जुन्या कादंबऱ्या तिथे शहरापेक्षा चांगल्या सापडतात, कारण फारशा कुणी नेलेल्या नसतात. विकत घ्यायची ती पुण्याला अप्पा बळवंत चौकात. एका दुकानात नसले तर चार पावलांवर दुसरे. पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. मोबाइल मुलांच्या हातून सुटत नसेल तर निदान त्यावर ‘किशोर’ उघडून द्या. आणि आपल्याला नेमके कोणत्या प्रकारचे आवडते हेच कळत नसेल, तर महाबळेश्वरला जाताना पाचगणीजवळच्या भिलारला उतरा. मे 2017 पासून ते पुस्तकांचे गाव आहे. कुठे बालसाहित्य, कुठे विनोद, कुठे इतिहास अशी घरोघरी विभागणी केलेली आहे. बसून हवे तेवढे वाचा, घरी न्यायला मात्र मिळत नाही.

जपणुकीचे एकच सांगतो. आजकालची बहुतेक पुस्तके शिवलेली नसतात, डिंकाने चिकटवलेली असतात. गाडीच्या काचेखाली किंवा पत्र्याच्या खोलीत वर फळीवर ठेवलीत की उन्हाने डिंक सुटतो आणि पाने गठ्ठ्यागठ्ठ्याने निघतात. खाली, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवा. कव्हर घालायला जुने वर्तमानपत्र पुरते.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याआधी ग्रंथालयाची पुस्तके परत करा, आणि परत करताना तुम्हाला न मिळालेल्या दोन पुस्तकांची नावे ग्रंथपालाकडे लिहून द्या. वाचकाने मागितलेले पुस्तकच पुढच्या खरेदीत येण्याची शक्यता असते.