डोळा चोळू नका



बेणे निवडताना आम्ही आपणास नेहमी सांगतो, कांडीचा डोळा जपा, मोळी आपटू नका. पण स्वतःच्या डोळ्याबाबत आम्हीच चुकलो. मागील हंगामात नेर भागात तोडणी पाहताना वाऱ्याने पाचटाचा कण डोळ्यात गेला. आम्ही डोळा खसाखसा चोळला आणि दुकानातून थेंब आणून टाकले. चौथ्या दिवशी उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, "बुरशी धरली आहे." दोन महिने औषध चालले. नजर वाचली, पण डाग राहिलाच.

असे का होते? बुबुळासमोर काचेसारखा पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उसाच्या पानाची कड करवतीसारखी, त्यात पाचटाची कुसळे. कण आत असताना चोळले की पडद्याची वरची साल निघते आणि त्या ओरखड्यातून पाचट-मातीतली बुरशी आत शिरते. काही थेंबांत स्टिरॉईड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते, पण आत बुरशी फोफावते.

कण नसताना चोळणेही वाईटच. खाजेमुळे काही पोरे वर्षानुवर्षे डोळे चोळतात. अशाने पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. हा केराटोकोनस. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढील ४,६६७ जणांची तपासणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात २.३ टक्के लोकांत हा विकार नोंदला आहे. सगळ्यांचे कारण चोळणे नव्हे, तो घराण्यातूनही येतो. पण चोळण्याच्या सवयीशी त्याचा जवळचा संबंध तज्ज्ञांना आढळला आहे. पोराच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर लवकर दाखवा. वेळीच कळले तर वाढ बहुधा थांबवता येते.

एवढे पाळा :

१) कण गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढू नका.

२) दूध, मध, एरंडेल घालू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नकोत.

३) तणनाशक किंवा कीटकनाशक उडाल्यास निदान पंधरा मिनिटे पाणी मारा आणि लगेच दवाखाना गाठा.

४) डोळा दुखत असेल, लाल असेल किंवा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. "तोडणी आटोपू द्या, मग पाहू" म्हणू नका.

५) खाज सुटली तर थंड पाण्याची घडी ठेवा. तोडणीला साधा चष्मा लावा.

कांडीचा डोळा गेला तर आपण नांग्या भरतो. माणसाचा हा पडदा कायमचा गढूळ झाला तर कुणीतरी मरणोत्तर नेत्रदान करावे लागते, तेव्हाच नवा मिळतो. म्हणून हात डोळ्याकडे जाण्याआधी पाण्याच्या लोट्याकडे जाऊ द्या.

— ऊस विकास अधिकारी