साबणाच्या डबीतला चाकू

१. डबीत काय हवं, हे गडच शिकवतो. माझी डबी म्हणजे प्रवासातली झाकणाची साबणाची डबी. तिच्यात सगळ्यांत आधी गेला चाकू. पुढे गुंजवण्याहून राजगड चढताना, चोर दरवाज्याच्या खाली, मैत्रिणीच्या बुटाचा अख्खा सोल निघून हातात आला. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट. चिकटवलेलं सगळं सुटलेलं. नायलॉनच्या दोरीचे सोलखालून दोन वेढे घेतले, घोट्यामागे गाठ मारली, वरून वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. पद्मावती माचीपर्यंत पट्टी दोनदा फाटली, दोरी मात्र टिकली. चाकूने फक्त ती दोरी कापली. ते काम नेलकटरनेही झालं असतं.

२. ब्लेड मी चुकीच्या कामासाठी जपत होतो. साप चावला की चीर द्यायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. प्रथमोपचाराच्या वर्गात डॉक्टरांनी माझ्या डबीतलं ब्लेड उचलून बाजूला ठेवलं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं, कारण प्रतिविष तिथे मिळतं. कितीतरी वर्षं मी मुलांचे गट घेऊन डोंगरात जात होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

३. कायदा मी इंचांत मोजत होतो. ट्रेकर मित्रांत एक आकडा पाठ असतो: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तरच ते शस्त्र. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात तसं आहेही. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. माझा चाकू चार इंची, म्हणून मी निर्धास्त. सणासुदीचे दिवस होते. रविवारी रात्री गडावरून परतताना नाकाबंदीत गाडी अडवली आणि चाकू पँटच्या खिशात सापडला. हवालदारांनी लांबी पाहिलीही नाही. शहरात मनाई आदेश लागू होता. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम ३७: त्यात सुऱ्यांपासून लाठ्याकाठ्यांपर्यंत सगळं येतं, इंचांचा प्रश्नच नाही. आदेश मोडला तर कलम १३५खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘साहेब, ट्रेकहून येतोय,’ मी म्हणालो. ‘गड राहिला तिकडे. इथे खिशात कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिखलाचे बूट, दोर, पातेली बघून तासाभराने त्यांनी सोडलं. तो तास मी अजून विसरलेलो नाही.

४. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, हे माहीत असूनही डबी पाठपिशवीतच राहिली. बहिणीने दिलेला लाल स्विस चाकू तपासणीच्या टेबलावर सोडून आलो. आता प्रत्येक प्रवासाआधी डबी पूर्ण रिकामी करतो आणि नव्याने भरतो.

५. हत्यार कसं वागवायचं, ते मी एका वाटाड्या काकांकडून शिकलो. त्यांच्या कमरेच्या आकडीत कायम कोयता. पावसाळ्यात बुजलेली वाट ते त्यानेच मोकळी करत, एकही फांदी उगाच न तोडता. नाकाबंदीची गोष्ट सांगितली तेव्हा काका चकित झाले. ‘बाजाराला कोण नेतं?’ म्हणाले. उतरून त्यांच्या घरी आलो. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी त्यांनी आकडी सोडली आणि दाराआडच्या खुंटीला अडकवली.