वाकळेचा भाव
(द्वितीय वर्ष, कला)

मूल्य आणि किंमत हे प्रकरण आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात पाण्याचे आणि हिऱ्याचे उदाहरण दिले. पाण्यावाचून जगता येत नाही, पण त्याची किंमत नाममात्र. हिऱ्यावाचून कोणाचेही अडत नाही, पण त्याची किंमत अफाट. यावरून उपयोगिता मूल्य वेगळे आणि विनिमय मूल्य वेगळे, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवतो. माझ्या घरात मात्र हिरा नाही, वाकळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आमच्या बचत गटातील बायांनी शिवलेल्या वाकळा प्रथमच विकायला नेल्या. हिशेबाची वही माझ्याकडे होती. त्या तीन दिवसांत जे शिकायला मिळाले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

वाकळ म्हणजे काय

शहरात जिला गोधडी म्हणतात तीच आमच्याकडची वाकळ. जुनी सुती लुगडी, धोतरे, सदरे धुऊन, उसवून, एकावर एक अंथरायची. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड कापड घ्यायचे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणून घ्यायचे. आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि मग कडेने धावदोरा घालीत आत आत मध्यापर्यंत यायचे. टाका जितका बारीक आणि ओळी जितक्या जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील सिद्दी लोकांची कवंदी ही सगळी या एकाच कुळातली भावंडे. जुने कापड वाया घालवायचे नाही आणि थंडीत माणूस उघडा ठेवायचा नाही, या दोन गरजांतून ती जन्मली.

वाकळेबाबत एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावाच्या कारूनारूंची व्यवस्था वर्णिलेली आहे. सुताराला, लोहाराला, कुंभाराला सुगीत धान्याचा वाटा मिळे. अलुत्यांच्या काही याद्यांत शिंप्याचेही नाव येते. बलुते कमी मिळत असेल, त्यासाठी अपमान सोसावा लागत असेल. पण काम केले तर वाटा मागण्याचा हक्क होता. वाकळ मात्र घरच्या बाईने घरच्यांसाठी शिवायची. तिला बलुतेही नाही आणि भावही नाही. म्हणून 'एक वाकळ केवढ्याला?' असे मी विचारले तेव्हा आमच्या गटातील अकरा बायांपैकी एकीलाही उत्तर देता आले नाही.

पहिला धडा : तास मोजणे

भाव ठरवण्याआधी खर्च कळला पाहिजे, म्हणून मी एका वहीत नोंदी ठेवू लागले. बाया हसल्या. चुलती म्हणाली, "अगं, शिवताना कुठं तास मोजत्यात व्हय? दुपारी भाकरी झाल्यावर बसायचं नि दिवे लागले की उठायचं." तरी मी रोज कोण किती वेळ बसली ते लिहून ठेवले. साधारण सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद अशा एका वाकळेला सरासरी ४६ तास लागतात असे निघाले.

मालाचा खर्चही कोणी कधी धरला नव्हता. 'जुनंच तर कापड, त्याला काय पैसे?' असे सर्वांचे म्हणणे. पण बोहारीण हेच जुने कापड घेऊन पातेले देते. म्हणजे त्याला भाव आहेच. शिवाय सुती लुगडी आता मिळत नाहीत. तरुण बाया नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या नेसतात. त्यांत सुई नीट चालत नाही आणि घामही शोषला जात नाही. म्हणून चांगले सुती जुनेर शोधून, मागून आणावे लागते. दोरा ७० रुपये, वरच्या बाजूचे नवे सुती कापड १६० रुपये, जुनेर ८० रुपये, असे एका वाकळेला ३१० रुपये पडले.

मजुरीसाठी मी रोजगार हमीचा दर घेतला, कारण आमच्यापैकी बऱ्याच जणी त्या कामावर जाऊन आलेल्या आहेत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात तो रोज २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सुमारे ३७ रुपये. ४६ तासांचे साधारण १,७०० रुपये, मालाचे ३१० आणि बाजारचा थोडा खर्च मिळून एका वाकळेची किंमत २,१०० रुपयांच्या घरात जाते. हा आकडा वाचून दाखवल्यावर अंगणात शांतता पसरली. आई म्हणाली, "एवढं कोण देतंय?" बरीच चर्चा होऊन १,२०० रुपये सांगायचे ठरले.

दुसरा धडा : पारखी आणि गिऱ्हाईक

नऊ वाकळा आणि बाळाची चार दुपटी घेऊन आई व मी एसटीने पुसेगावला गेलो. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च निम्म्यावर आला, हेही हिशेबात नमूद केले पाहिजे. यात्रेत खिलार बैलांचा बाजार मोठा, आणि त्या गर्दीत भांडी, खेळणी, घोंगड्या, ब्लँकेटे यांची दुकाने.

आमच्यापुढे येणारे लोक तीन प्रकारचे होते. पहिल्या होत्या आसपासच्या गावांतील बाया. त्या वाकळ हातात घेत आणि प्रथम उलटी करून पाहत. उलट्या बाजूचा टाका सरळ असेल तर मान डोलावत. "हात चांगला हाय," एवढे म्हणत आणि पुढे जात. त्यांच्यासारखी पारख कोणालाच नव्हती. पण त्या स्वतः वाकळा शिवतात, मग विकत कशाला घेतील? दुसरे होते नोकरीनिमित्त शहरात राहणारे आणि यात्रेला गावी आलेले लोक. त्यांना टाक्यातले फार कळत नव्हते. पण आजीची वाकळ आठवत होती. खरेदी केली ती यांनीच. तिसरे व्यापारी; त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

वस्तूची पारख असणारा आणि वस्तूचे पैसे देणारा हे दोघे नेहमी एकच नसतात, हे मला येथे समजले. म्हणून विकणाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून वाकळा उलट्या बाजूने अंथरल्या. येणारा विचारी, 'ही उलटी का?' मग आई टाका दाखवी आणि मी तास सांगे. "जुन्याच तर कपड्यांची आहे" असे म्हणून अर्ध्या किमतीत मागणारेही ४६ तास ऐकल्यावर थोडे थांबत. सगळेच घेत नसत. पण घासाघीस ५०० वरून सुरू होण्याऐवजी ९०० वरून सुरू होई.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. एका वयस्क गृहस्थांनी १,२०० रुपयांना वाकळ घेतली आणि वर शंभराची नोट पुढे केली. "गरीब बायांचे काम आहे, असू द्या," असे ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आईने नोट परत केली आणि म्हणाली, "वाकळेचं मिळालं, दादा. वरचं नको." नंतर मला तिने समजावले की वरचे शंभर घेतले असते तर खालचे बाराशेही त्यांनी दयेनेच दिले असे झाले असते. माझ्या मते मूल्यसिद्धान्ताचे हे एक चांगले भाष्य आहे.

तिसरा धडा : पर्यायी वस्तू

आमच्या शेजारच्या दुकानात पानिपतची ब्लँकेटे होती. ती जुन्या लोकरी कपड्यांचे यंत्राने तंतू करून विणलेली असतात; म्हणजे तीही एका अर्थाने जुन्याचीच. किंमत ३५० रुपयांपासून पुढे. थंडी घालवणे एवढीच गरज असेल तर माणूस ते ब्लँकेट घेणार, हे उघड आहे. मागणी व पुरवठा या कात्रीच्या दोन पात्यांपैकी कागद कोणते पाते कापते हे सांगता येत नाही, असे मार्शल म्हणतो. आमच्या बाबतीत पुरवठ्याच्या पात्यावर ४६ तास लिहिलेले होते आणि मागणीच्या पात्यावर ३५० रुपयांचे ब्लँकेट.

दुपट्यांचे मात्र उलट झाले. चारही दुपटी पहिल्याच दिवशी प्रत्येकी ३५० रुपयांना गेली. एका दुपट्याला माल ६० रुपयांचा आणि वेळ आठ तास. म्हणजे तासाला ३६ रुपयांहून थोडे अधिक. जवळजवळ रोजगार हमीइतके. असे का व्हावे? तान्ह्या बाळाच्या अंगाला वापरून मऊ झालेले सुती कापडच हवे, अशी लोकांची पक्की समजूत आहे, आणि तसे कापड कारखाना देऊ शकत नाही. ज्या वस्तूला जवळचा पर्याय नाही तिचा भाव टिकतो, हे वाक्य मी परीक्षेत लिहिले होते. ते खरे असल्याचे दुपट्यांनी दाखवले.

चौथा धडा : घाऊक भाव आणि नड

तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. त्याने उरलेल्या तीन वाकळा प्रत्येकी ५०० रुपयांना मागितल्या आणि याच भावात पन्नास वाकळांची मागणी देऊ केली. मी तिथल्या तिथे आकडेमोड केली. ५०० मधून माल वजा जाता १९० उरतात. ४६ तासांना भागले तर तासाला चार रुपये. हे ऐकूनही गटातील दोघींनी फोनवरून आपल्या वाकळा द्यायला सांगितल्या. एकीला मुलाची फी भरायची होती, दुसरीच्या घरी दवाखाना चालू होता. त्यांना दोष देता येत नाही. ज्याला थांबता येते तोच भाव ठरवतो, आणि नड असलेल्याला थांबता येत नाही. पन्नास वाकळांची मागणी मात्र गटाने स्वीकारली नाही.

हा प्रश्न आमच्या गटापुरता नाही. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारतीय चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना निदान पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागणार आणि खप घटणार ही भीती होतीच. तरी मजुरीचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना स्थापन केली. गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजईच्या खोळी शिवणाऱ्या बायांनी तिच्यामार्फत व्यापाऱ्यांकडे वाढीव दर मागितला आणि पुढे स्वतःची सहकारी संस्था काढली. एकटी बाई थांबू शकत नाही, पण पुष्कळ जणी मिळून थोडे थांबू शकतात, असा या दोन्ही प्रयत्नांचा अर्थ मला लागतो.

हिशेब

नऊपैकी आठ वाकळा गेल्या. दोन १,२०० ला, तीन १,००० ला, एक ९०० ला आणि दोन व्यापाऱ्याला ५०० ला. एकूण ७,३०० रुपये. आठ वाकळांचा माल २,४८० रुपये. जागा, एसटी व जेवणखाण मिळून ९१० रुपये. उरले ३,९१०. शिवण्याचे ३६८ तास आणि दोघींचे विकण्याचे ५४ तास मिळून ४२२ तास होतात. म्हणजे तासाला सव्वानऊ रुपये, आठ तासांचे ७४. रोजगार हमीच्या दराचा हा पाव हिस्सा. बाजारचा खर्च थोडा दुपट्यांवर टाकला तर आकडा किंचित बदलेल. चित्र बदलत नाही.

कोणी म्हणेल, मग हा सारा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. व्यवहार म्हणून तो तसाच आहे. पण पूर्वी याच कामाचा भाव शून्य होता आणि तो शून्य आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते. पिगूने १९२० साली लिहिले आहे की एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहते पण पगार बंद होतो. आमच्या घरातील वाकळाही अशाच कोणत्या वहीत नव्हत्या. आता सव्वानऊ हा आकडा वहीत आहे, आणि तो ३७ पासून किती दूर आहे हे अकराही जणींना माहीत आहे.

त्यावरून गटाने काही गोष्टी ठरवल्या. बाजारासाठी दुपटी शिवायची. वाकळ मागणी आली तरच, आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊन शिवायची. अडल्या बाईला व्यापाऱ्याकडे जावे लागू नये म्हणून विक्रीतून दर दुपट्यामागे २० रुपये वेगळे ठेवायचे. तासांची नोंद मी कॉलेजला असताना आईच ठेवते. तिला लिहिता येत नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात तासागणिक एक रेघ ओढते. महिनाअखेरीला मी फक्त रेघा मोजते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी टोपल्या विणते, कोणी झाडू बांधते, कोणी पापड लाटते. अर्थशास्त्राचे पुस्तक हाती असताना त्या कामाचा तासांत हिशेब मांडून पाहायला फार तर एक वही आणि एक महिना लागतो. आलेला आकडा सुखाचा असेलच असे नाही. परंतु भाव मागायचा तर तो आधी आपल्याला माहीत असावा लागतो.