खेळता खेळता पाणी : नव्या यंत्रांविषयी एक अभ्यास



गेल्या काही महिन्यांत मंडळीतील अनेकांनी आम्हांला मोबाईलवर चित्रफिती पाठवल्या आहेत. एकीत मुले चक्रावर खेळतात आणि विहिरीतून पाणी वर येते. दुसरीत पाण्याचा ड्रम जमिनीवरून घरंगळत नेला जातो. मातीचा फ्रिज, बाटलीचा दिवा, लाथ मारली की वीज साठवणारा फुटबॉल, असे बरेच काही. प्रत्येकाखाली प्रश्न एकच : हे आपल्या पाड्यांवर देता येईल का? काहींनी अर्पणाची रक्कमही बाजूला काढून ठेवली आहे. प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात देऊन भागणार नाही. यातील काही यंत्रांचा इतिहास ठाऊक आहे. तो नीट पाहू या.

सुरुवात चक्रापासून करू, कारण सर्वांत जास्त पत्रे त्याविषयीच आली.

दक्षिण आफ्रिकेत बोअरिंगचे काम करणाऱ्या रॉनी स्टायव्हर नावाच्या माणसाने हे यंत्र बनवले. शाळेच्या मैदानात असते तसे लोखंडी चक्र, त्याच्याखाली पंप, बाजूला ७ मीटर उंचीवर २,५०० लिटरची टाकी. मुले चक्र फिरवतील, पाणी टाकीत चढेल, आया तोटी उघडून हंडा भरतील. टाकीच्या चार बाजूंना फलक. त्यांतील दोनांवर जाहिराती लावायच्या आणि त्या पैशांतून दुरुस्ती करायची, अशी योजना. जाहिरात व्यवसायातील ट्रेव्हर फील्ड यांनी १९८९ मध्ये एका कृषी प्रदर्शनात ते पाहिले आणि पुढे नेले. पहिली दोन चक्रे १९९४ मध्ये बसली. २००० मध्ये जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली, ती जाहीर करायला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश स्वतः व्यासपीठावर होत्या. २०१० पर्यंत ४,००० चक्रे बसवून १ कोटी लोकांना पाणी द्यायचे ठरले.

ते झाले नाही. २०१० येईपर्यंत अमेरिकेतील त्या संस्थेने काम थांबवून उरलेली चक्रे दुसऱ्या एका संस्थेच्या हवाली केली होती.

असे का झाले, याचे उत्तर कोणाच्या लबाडीत शोधण्याची गरज नाही. कागद-पेन्सिल पुरते. यंत्राविषयीचा दावा असा होता की ४० मीटर खोलीवरून तासाला १,४०० लिटर पाणी येते आणि एका चक्रावर २,५०० माणसांची तहान भागते. माणशी रोज निदान १५ लिटर धरले तर ३७,५०० लिटर झाले. त्याला १,४०० ने भागा. उत्तर जवळजवळ २७ येते. म्हणजे मुलांनी दिवसाचे २७ तास खेळायचे! २००९ मध्ये इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने हा हिशेब छापला, तेव्हा जगाच्या लक्षात आले. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्च मोजावा हा लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील दाखला आपण कितीदा ऐकतो. पैशांचा खर्च आपण मोजतो, पण घामाचा मोजायचा राहून जातो.

कारण पाणी वर येते ते कोणाच्या तरी ताकदीवर. ४० मीटरवरून तासाला १,४०० लिटर उपसायचे तर सुमारे १५० वॅट शक्ती सतत लागते. धडधाकट मोठा माणूस तासन् तास काम करताना साधारण ७५ वॅट देऊ शकतो. म्हणजे चक्रावर दोन मोठ्या माणसांइतकी मेहनत अखंड चालू हवी. आता मैदानातले साधे चक्र आठवा. एकदा जोर लावून ढकलले की ते आपोआप फिरत राहते, मुले उडी मारून बसतात, भोवळ येते, हसू येते. सगळी मजा त्या आपोआप फिरण्यात आहे. पंप जोडलेले चक्र मात्र ढकलणे थांबवले की थांबते, कारण प्रत्येक फेऱ्याला पाण्याचे वजन उचलायचे असते. चार दिवसांनी मुलांना ते कळते. मग चक्र फिरवते कोण? आई, आजी, पोटुशी सून. उभ्याने दांडा हापसणाऱ्या बाईला आता वाकून, गोल गोल चालत लहान मुलांचे खेळणे ढकलावे लागले, आणि तेही चारचौघांसमोर. मोझांबिकमध्ये झालेल्या पाहणीत बायकांनी हेच सांगितले. जाहिरातींचे फलक दूरच्या खेड्यांत बहुधा रिकामेच राहिले, कारण तिथे विकत घेणारा कोण? त्यामुळे दुरुस्तीचा पैसाही आला नाही, आणि बिघडलेले यंत्र महिनोन्‌महिने तसेच पडून राहिले.

मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. अनेक ठिकाणी चक्र बसवण्यासाठी आधीचा चालू हापसा काढून टाकला होता. किंमत सुमारे १४,००० डॉलर, साध्या पंपाच्या जवळजवळ चौपट. चौपट पैसे देऊन गावाचे आधीचे पाणीही गेले.

चक्र सगळीकडेच निरुपयोगी ठरले असेही म्हणू नये. पाणी फार खोल नाही, मुले भरपूर आहेत आणि पाणी फक्त शाळेपुरतेच हवे आहे, अशा मोठ्या शाळेत ते चालू शकते. पण आपल्या पाड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंत मिळून वीस-पंचवीस मुले असतात.

आता याच कामाचे दुसरे यंत्र पाहा. त्याची चित्रफीत कोणी कोणाला पाठवत नाही, कारण ते दारातच उभे आहे : आपला हापसा. तो कसा घडला हे आपल्या मंडळीला माहीत असायला हवे, कारण ती गोष्ट महाराष्ट्रातली आहे आणि मिशनशी जोडलेली आहे.

१९६६-६७ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रे देशात आली. बोअर झाले, त्यावर बिडाचे पंप बसले. हे पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या धर्तीवर केलेले होते. तिथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या पाणी काढते. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारा गाव रांगेत. कड्या झिजल्या, बीड तडकले. १९७४ च्या सुमाराच्या पाहणीत दिसले की कोणत्याही एका वेळी साधारण पाऊण पंप बंद असतात. पाणी जमिनीत आहे, बोअर आहे, पंप उभा आहे, आणि बाई पुन्हा डबक्यावर चालली आहे.

याच काळात जालना येथील मिशनच्या पाणीकामातील माणसे आणि सोलापूरचे कारागीर आपल्यासमोर बंद पडणारे पंप पाहून त्यात बदल करत होते. जालना, जलवाड, सोलापूर अशी त्या पंपांची नावेच आहेत. बिडाऐवजी जोडकाम केलेले पोलाद. अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच आस, त्यात बंद बेअरिंग. आणि दांडा व आतली सळई यांच्यामध्ये सायकलला असते तशा जातीची एक साखळी. ही साखळी म्हणजे त्या पंपाचे गुपित. दांडा कमानीत फिरतो, पण साखळीमुळे सळई सरळ वर ओढली जाते, बाजूला घासत नाही, म्हणून झीज कमी. दांडाही मुद्दाम जड ठेवला, म्हणजे सळईचे वजन तो तोलून धरतो आणि बाईच्या खांद्याला फक्त पाणीच उचलावे लागते. सोलापूर पंप स्वतःच्या हाताने शिकलेल्या कारागिराच्या डोक्यातून आला होता. त्यालाच पाया धरून युनिसेफच्या मदतीने नवा पंप तयार झाला. कोईमतूर भागात खोल बोअरवर त्याची चाचणी घेतली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासला तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याचे नाव इंडिया मार्क दोन. १९७९ मध्ये त्याचे भारतीय प्रमाण ठरले, म्हणजे कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग कोणत्याही पंपाला बसू लागला. पुढे आफ्रिकेतही तो गेला. चक्र बसवताना काही ठिकाणी जे हापसे उपटले, ते याच घराण्यातले असण्याची शक्यता मोठी आहे!

हापसा बिघडत नाही असे नाही. चामड्याचे वायसर झिजते, मग दहा वेळा हापसल्यावर पाणी येते. पण वायसर तालुक्याला मिळते, पंचायत समितीचा मेकॅनिक ते बदलू शकतो, आणि शिकवले तर पाड्यावरची दोन पोरे व दोन पोरीही बदलतात.

घरगुती वस्तूंकडे वळू. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रिज बनवला. तो माठाचाच भाऊ आहे. वरच्या कप्प्यात पाणी, ते मातीतून झिरपते, वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जाते. पण हवा कोरडी असेल तरच. ४० अंश तापमान आणि हवेत ओल २० टक्के असेल, तर या पद्धतीने फार तर २२ ते २५ अंशांपर्यंत गारवा मिळू शकतो. धुळे-नंदुरबारच्या एप्रिलात हे छान जमेल. जव्हार-मोखाड्याच्या जुलैत, जिथे अंगावरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तो फक्त मातीचे कपाट होईल. एका बहिणीने विचारले होते की यात लसी ठेवता येतील का. मुळीच नाही. बहुतेक लसींना २ ते ८ अंश लागतात, ते मातीला शक्य नाही. आणि खरे सांगायचे तर रानभाजी सकाळी खुडून दुपारी खाणाऱ्या घरात फ्रिजमध्ये ठेवायचे काय, हाही प्रश्न आहेच.

बाटलीचा दिवा मला मनापासून आवडतो. ब्राझीलमधील उबेराबा गावच्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ मध्ये तो शोधला. प्लास्टिकची दोन लिटरची बाटली, स्वच्छ पाणी, शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच. पत्र्याला भोक पाडून अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायची. ऊन पाण्यात वाकून खोलीभर पसरते, ४० ते ६० वॅटच्या बल्बाइतके. २०११ नंतर फिलिपिन्समध्ये इलाक डियाझ यांनी त्याची चळवळच केली. पण तो पत्र्यासाठी आहे. कौलांत किंवा पेंढ्यात तो बसत नाही, आणि आपल्याकडे काचेचे कौल आजोबांच्या काळापासून आहेच. शिवाय तो दिवसाचा दिवा. रात्री विंचू-साप दिसायला सौरदिवाच लागतो, आणि सौरदिव्याची गोष्ट बॅटरीशी येऊन थांबते. काच वर्षानुवर्षे टिकते, बॅटरी मात्र काही वर्षांत जाते. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने हे ओळखून खेड्यांतील, कित्येकदा अक्षरओळख नसलेल्या बायांनाच सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. दिव्याइतकीच शिकवणीची वर्गणी काढणारी मंडळी मला अजून भेटायची आहे.

विजेच्या फुटबॉलविषयी थोडक्यात. तो हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी २००८ मध्ये सुचवला, कल्पना गाजली, पण वाटलेले अनेक चेंडू लवकर बंद पडले. मुलांना चेंडू द्या, दिवा वेगळा द्या. दोन्ही मिळून स्वस्त पडतील.

उरला घरंगळणारा ड्रम. हा दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये निघाला, ९० लिटरचा, आणि भारतातही त्याचे धाकटे भाऊ मिळतात. सपाट वाटेवर ९० लिटर पाणी नेताना हाताला १० किलोच ओझे लागते, हे खरे. डोक्यावरचा हंडा उतरतो, मानेचे दुखणे टळते, पाच-सहा खेपांची एक खेप होते. मी या यंत्राच्या बाजूचा आहे. पण आपल्या कित्येक पाड्यांची विहीर खाली ओहोळात असते. पाच पावलांत एक पाऊल चढ असेल तर ९० किलोंपैकी १८ किलो चढच मागे ओढतो, वरून दगडगोटे. भरलेला ड्रम उतारावर हातून सुटला तर खाली कोण उभे आहे, तेही पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट देणाऱ्यांना कळायला हवी. आपले आदिवासी बांधव पाहुण्याने आणलेली वस्तू तोंडावर नाकारत नाहीत. "बरं हाय" म्हणतात, फोटोला उभे राहतात, आणि सहा महिन्यांनी ती वस्तू कोंबड्यांच्या खुराड्याशी दिसते. म्हणून वस्तू आवडली का, असे विचारून काही कळत नाही. तुमच्या पैशाने घ्यायची तर घ्याल का, मोडली तर कोणाकडे न्याल, पाणी भरायला घरातून कोण जाते आणि आज ती इथे बैठकीला आली आहे का, असे विचारले की बोलणे सुरू होते. बैठकीत पुरुष पुढे बसतात. पाण्याचे उत्तर मागच्या ओळीत असते.

ड्रमसाठी रक्कम देऊ करणाऱ्या मंडळीला आम्ही कळवले आहे की पन्नास नव्हे, आधी चार घ्यावेत. दोन ड्रम सपाट वाटेच्या पाड्यावर, दोन चढाच्या पाड्यावर, मार्च ते मेअखेर. कोणत्या घरी ठेवायचे ते तिथल्या बायाच ठरवतील, आणि नको वाटले तर परत देण्याची मोकळीक त्यांना पहिल्याच दिवशी सांगितली जाईल. उरलेल्या रकमेतून तूर्त तीन बंद हापशांचे वायसर आणि साखळ्या घेण्यास त्या मंडळीने आनंदाने संमती दिली आहे. ड्रमांविषयी बायांनी काय सांगितले ते जूनच्या अंकात देऊ.