एका माणसाची खुर्ची : मॅड रिव्हर ग्लेनचा धंदा नीट समजून घेऊ

या वेळच्या व्हिडिओत मी मॅड रिव्हर ग्लेन हे नाव दोनदा घेतलं आणि पुढे सरकलो, कारण ती गोष्ट तेवढ्या वेळात मावणारी नव्हती. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, परंड्याचा दुकानदार बर्फावरच्या खेळाबद्दल काय सांगणार? आपल्याकडे गारपीट झाली की तेवढाच बर्फ, आणि तोही द्राक्षं झोडपून जातो. बरोबर आहे. महाराष्ट्रात स्कीइंग होईल असा डोंगरच नाही. भारतात बघायचं तर काश्मीरमधलं गुलमर्ग किंवा उत्तराखंडातलं औली, आणि तिथले मोठे रोपवे सरकारी महामंडळांचे. मला दाखवायचाय तो छोटा, खाजगी, स्वतःच्या हिमतीवर चाललेला डोंगर. शेजारी मोठं भांडवल येऊन बसलं की छोट्यानं काय करायचं, हा आपला रोजचा प्रश्न तिथे फार स्वच्छ दिसतो.

आधी धंदा समजून घ्या. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं, हे स्कीइंग. खाली यायला पैसे लागत नाहीत, वर जायला लागतात. तारेला टांगलेल्या खुर्च्या माणसांना वर नेतात, त्या लिफ्टचं तिकीट हा मुख्य गल्ला. हंगाम हिवाळ्याचे तीन-चार महिने. बाकी वर्षभर खर्च चालू, आवक जवळजवळ बंद. लग्नसराईवर जगणाऱ्या कापड दुकानदाराला किंवा उन्हाळ्यात रसवंती लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मॅड रिव्हर ग्लेन अमेरिकेत व्हरमाँट राज्यात आहे. रोलंड पामेडो या माणसानं ते उभं केलं आणि १९४८ मध्ये तिथली लिफ्ट सुरू झाली. तिचं नाव सिंगल चेअर, कारण एका खुर्चीवर एकच माणूस बसतो. त्या काळी ही साधी गोष्ट होती. पुढे सगळीकडे दोघांच्या, चौघांच्या, सहा जणांच्या वेगवान खुर्च्या आल्या. इथे मात्र आजही एकेकटं बसून सुमारे २,००० फूट चढायचं. गर्दीच्या दिवशी खाली रांग लागते ती लागतेच.

कुणीही म्हणेल, खुर्च्या वाढवा, तिकिटं वाढतील. इथे थांबून विचार करा, कारण या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. या डोंगराचा कच्चा माल म्हणजे आभाळातून पडणारा बर्फ. मोठी ठिकाणं पाणी, पंप आणि वीज लावून मशीननं बर्फ बनवतात, रात्रभर यंत्रं फिरवून उतार सपाट करतात. मॅड रिव्हरमध्ये मशीनचा बर्फ अगदी थोडा, आणि बरेच उतार खडबडीतच सोडलेले. नैसर्गिक बर्फावरून जेवढी माणसं जास्त घसरतील तेवढा तो लवकर खरवडला जातो आणि खालचे दगड वर येतात. वर माणसं कमी सोडली की बर्फ टिकतो आणि उतारही मोकळा राहतो. म्हणजे ती जुनी खुर्ची नुसती हौस नाही, ती कच्च्या मालाच्या मापाची आहे. तिथे चौघांची खुर्ची लावली तर पाठोपाठ बर्फाची मशीनं आली, मग पाण्याची सोय, मग वीजबिल, मग कर्ज, मग हप्ता भरण्यासाठी आणखी गर्दी. एका खुर्चीपायी सगळा धंदाच बदलावा लागला असता.

आपल्या भूम-कुंथलगिरी पट्ट्यातल्या खव्याच्या भट्टीचं उदाहरण घ्या. भट्टी दुप्पट करणं सोपं आहे. पण दुधाचा पुरवठा तेवढाच असेल तर दुसरी भट्टी रिकामी राहील, नाहीतर भलतंच दूध आत येईल आणि चव जाईल. कर्जाचा हप्ता काही भट्टी रिकामी आहे म्हणून थांबत नाही.

आता शेजारी बघा. त्याच खोऱ्यात शुगरबुश नावाचं मोठं ठिकाण आहे. ते २०२० पासून अल्टेरा या बड्या कंपनीच्या ताब्यात आहे. त्याच राज्यातलं प्रसिद्ध स्टो २०१७ मध्ये व्हेल रिसॉर्ट्सनं घेतलं. या कंपन्या एकाच पासवर अनेक डोंगर देतात. भावात त्यांच्याशी कोण लढणार? मॅड रिव्हरनं ते केलंच नाही. त्यांचं जुनं स्टिकर सांगतं, जमत असेल तर इथे स्की करून दाखवा. गिऱ्हाइकाला बोलावतानाच थोडं बाजूला सारणारी ही जाहिरात आहे. ज्याला सपाट, सोपा उतार हवा त्याला ते शेजारी पाठवतात. स्नोबोर्ड म्हणजे एकाच रुंद फळीवर उभं राहून घसरणं, त्यालाही इथे बंदी. अमेरिकेत अशी बंदी असलेली तीनच ठिकाणं उरलीत. ही बंदी मला पटत नाही. तरुण गिऱ्हाईक दारातून परत पाठवायला फार मोठा आत्मविश्वास लागतो किंवा हट्ट. पण ठिकाण त्यांचं, निर्णय त्यांचा.

त्यांचं म्हणजे नेमकं कुणाचं? १९९५ मध्ये मालकीणबाई बेट्सी प्रॅट यांनी तो डोंगर तिथे स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला विकला. रोजचं गिऱ्हाईक सभासद झालं. शेअरची किंमत बरीच वर्षं २,००० डॉलर राहिली आणि एका माणसाला चारच्या वर शेअर नाहीत, म्हणजे कुणी एक शेठ होऊन बसू शकत नाही. शिवाय प्रत्येक सभासदानं दरवर्षी ठरावीक रकमेची खरेदी आगाऊ करायची. बर्फ पडायच्या आधी हातात पैसा येतो, आणि तो बँकेचा नाही. आपण साखर कारखान्यांच्या मुलखातले लोक. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तिथे माल घालणारा मालक झाला. इथे माल घेणारा मालक झालाय. सहकाराचं हे दुसरं टोक आपल्याकडे फारसं वापरलं जात नाही.

त्या मालकीची परीक्षा २००७ मध्ये झाली. साठीला आलेली खुर्ची बदलायची वेळ आली होती. सभासदांनी मतदान करून सिंगल चेअरच ठेवायचं ठरवलं, देणग्या गोळा केल्या, खांब काढून, साफ करून पुन्हा उभे केले. कंपनीच्या हिशोबनिसानं या खर्चावर सही केली असती असं मला वाटत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पद्धत सगळ्यांना लागू नाही. बर्फ कमी पडला की त्यांची मोठी पंचाईत होते, आणि हिवाळे आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाहीत. सीना-कोळेगाव धरण कोरडं बघितलेल्या आपल्या तालुक्याला एकाच आभाळावर धंदा टाकणं म्हणजे काय हे ठाऊक आहे. किराणा, मोबाईल रिचार्ज, खतं असल्या धंद्यात गिऱ्हाईक रांगेत थांबत नाही, समोरच्या दुकानात जातं. तिथे "आमची जुनी पद्धत" म्हणत बसलात तर शटर पडेल.

आगाऊ पैशाचा भाग मात्र बहुतेकांना वापरता येईल. समजा तुमचा फराळाचा धंदा आहे. ३०० घरांनी श्रावणातच १,००० रुपये जमा केले तर ३ लाख रुपये हातात येतात, आणि बेसन-तेल दिवाळीच्या भावात घ्यावं लागत नाही. पावती द्या, माल कधी देणार ते पावतीवर लिहा, आणि माल जमला नाही तर पैसे किती दिवसांत परत, तेही लिहा. पैशावर व्याज देतो असं चुकूनही म्हणू नका. ती ठेव होते, आणि अशा ठेवींवर २०१९ चा कडक कायदा आहे. खरंच सभासद करायचे असतील तर सहकारी संस्थेला किमान दहा जण लागतात. आधी सहायक निबंधक कार्यालयात जाऊन विचारा.

आता वहीत दोन ओळी लिहा. तुमच्या धंद्यात बर्फ कोणता, म्हणजे पैसे असूनही वाढवता न येणारी गोष्ट कोणती? दूध, कारागिराचे हात, तुमचा स्वतःचा वेळ, काहीही असेल. आणि तुम्ही सध्या जे मशीन किंवा जागा घ्यायच्या विचारात आहात, ती त्या मापाची आहे की शेजाऱ्याच्या? पुढच्या व्हिडिओत प्रोजेक्ट रिपोर्ट भरायला घेऊ, तेव्हा ही वही समोर लागेल.